गोवा ते थर, स्वतःच्या गाडीने: वेळावदर, छोटं रण, जैसलमेर, ताल छापर

वाळवंटात गाडी न्यायची म्हटलं की आपल्याकडचा माणूस उन्हाची आणि वाळूची धास्ती घेतो. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर ऊन त्रास देत नाही, आणि खरीखुरी वाळू या सगळ्या प्रवासात फार थोडी लागते. बेत फसतो तो पाण्यामुळे. पावसाळा संपून दोन-दोन महिने उलटले तरी रणातलं पाणी आटलेलं नसतं, आणि कोरडी ठणठणीत दिसणारी जमीन खाली ओली असते. म्हणून कोणत्या महिन्यात निघायचं, कुठून सुरुवात करायची, गाडी कुठे थांबवायची, हे सगळं आधी पाण्याच्या हिशेबाने ठरवा आणि मग हॉटेलं बघा.

मार्ग असा: भावनगरजवळचं वेळावदर, कच्छचं छोटं रण, भुज-धोर्डो-धोलावीरा, तिथून बाडमेरमार्गे जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क, मग फलोदीजवळचं खीचन, बिकानेर आणि शेवटी चुरू जिल्ह्यातलं ताल छापर. पणजीहून निघून पणजीला परत येईपर्यंत ५,००० किलोमीटरच्या आसपास होतात. १८ दिवस धरा. यातले सहा दिवस नुसते येण्याजाण्यातच जातात, हे आधीच घरच्यांना सांगून टाकलेलं बरं.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. यांतली बहुतेक ठिकाणं म्हणजे वाळूच्या टेकड्या नव्हेत, ती गवताळ माळरानं आहेत. वेळावदर ३४ चौरस किलोमीटरचं सपाट गवत आहे. ताल छापर जेमतेम ७ चौरस किलोमीटर, तेही गवतच. डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटर पसरलंय, पण त्यात वाळूच्या टेकड्यांचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास. बाकी खडकाळ पठार, मिठाचे सपाट तळ आणि सेवण गवत. फोटोतल्या लाटांसारख्या टेकड्या बघण्यासाठीच निघाला असाल तर जैसलमेरजवळच्या सम गावात एक संध्याकाळ पुरते, एवढा द्राविडी प्राणायाम करायची गरज नाही.

महिना आणि दिशा

वेळावदर आणि छोट्या रणातलं रानगाढवांचं अभयारण्य, दोन्ही १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतात. १६ ऑक्टोबरला दरवाजे उघडतात म्हणून दिवाळीच्या सुट्टीत निघायचा मोह होतो. वेळावदरला तेव्हा जायला हरकत नाही. छोट्या रणाचं मात्र वेगळं आहे. पावसाळ्यात बनास, रूपेण, सरस्वती या नद्यांचं पाणी तिथे येऊन पसरतं, शिवाय कच्छच्या आखातातून नैऋत्येचा वारा समुद्राचं पाणी आत ढकलतो. हे पाणी गुडघाभरच असतं, पण त्याला जायला वाट नसते, ते उन्हानेच आटायचं. पाऊस बरा झाला असेल त्या वर्षी नोव्हेंबर संपेपर्यंत रणाचा मोठा भाग गाडीसाठी बंदच समजा. धोर्डोच्या पांढऱ्या रणाचंही तेच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे पांढऱ्या मिठाऐवजी राखाडी चिखल आणि त्यावर पाण्याचा थर दिसण्याची शक्यता जास्त. मीठ नीट धरतं ते डिसेंबरच्या उत्तरार्धात.

म्हणून नोव्हेंबरमध्येच जायचं असेल तर मार्ग उलटा करा: उदयपूरमार्गे थेट ताल छापर, बिकानेर, खीचन, जैसलमेर आणि मग कच्छ. रणाला सुकायला तेवढेच दोन आठवडे जास्त मिळतात. जानेवारीत जात असाल तर आधी गुजरात, मग राजस्थान. कारण डिसेंबरअखेर ते जानेवारीमध्यापर्यंत बिकानेर-चुरू पट्ट्यात दाट धुकं पडतं आणि सकाळचे तीन तास वाया जातात. तिकडे जितकं उशिरा पोचाल तितकं बरं. नाताळचा आठवडा शक्यतो टाळा. गोव्यातली गर्दी चुकवायला निघालेला माणूस त्या आठवड्यात जैसलमेरला पोचला तर त्याला तीच गर्दी तिथे भेटते, आणि खोल्यांचे दर चढलेले असतात ते वेगळंच. धोर्डोला पौर्णिमेच्या आसपासही हीच रड असते.

फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा मला सगळ्यात सोयीचा वाटतो. रण सुकलेलं, धुकं ओसरलेलं, करकोचे अजून खीचनला आणि भोवत्या (हॅरियर, शिकारी पक्षी) अजून वेळावदरला. शाळकरी मुलं असलेल्यांची अडचण मान्य आहे.

पत्रादेवी ते वडोदरा

गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे, तेव्हा टाकी भरूनच पत्रादेवी ओलांडा. उत्तर गोव्यातून बांदा, आंबोली, आजरा, संकेश्वर करून पुणे-बंगळूर महामार्गाला लागता येतं. डिचोली-साखळीकडच्यांना चोर्ल्यातून बेळगाव सोपं. पुण्यापर्यंत साधारण ४५० किलोमीटर, पहिल्या दिवसाला तेवढे पुरे.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून पहाटे चारच्या आत निघा. पनवेल, ठाणे, घोडबंदर, वसई हा टप्पा सकाळी सातच्या आत मागे टाकला तर दुपारी सुरत. साडेआठला घोडबंदर रस्त्यावर सापडलात तर दोन-तीन तास गेलेच. ज्यांना मुंबईच्या हद्दीत शिरायचंच नाही त्यांनी नाशिक-सापुतारा-वघईवरून सुरत गाठावं. अंतर थोडं वाढतं, घाट लागतात, पण मनस्ताप कमी.

आता खास आपल्यासाठी. गुजरातेत दारूबंदी आहे आणि ती कागदापुरती नाही. अच्छाड-भिलाडच्या सीमेवर जीए पासिंगच्या गाडीवर नजर जातेच. मित्राला भेट म्हणून घेतलेली फेणी, कुठल्याशा पार्टीनंतर डिकीत स्टेपनीशेजारी राहून गेलेली अर्धी बाटली, यातलं काहीही सापडलं तर गुन्हा नोंदला जातो आणि गाडी जप्त होऊ शकते. मुळात गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणंही बेकायदेशीर आहे, इन्सुलीला तपासणी होतेच. निघायच्या आदल्या दिवशी डिकी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरा. परतताना रतनपूर-शामळाजी सीमेवर राजस्थानातून घेतलेल्या बाटलीचीही तीच गत, त्यामुळे तिकडूनही काही आणू नका.

भाड्याच्या गाडीने जायचा विचार असेल तर काळ्या पाटीची, पिवळ्या अक्षरांची गाडी राज्याबाहेर न्यायला मालकाची लेखी संमती आणि त्या गाडीचा परवाना दोन्ही बघून घ्या. तोंडी ‘चलता हां’वर पाच हजार किलोमीटर जाऊ नये. वाटेत गाडी बिघडली तर विमा आणि टोइंगचा प्रश्न उभा राहतो. स्वतःची गाडी असेल तर आरसी, विमा, पीयूसी मोबाइलमध्ये आणि छापील प्रतही. फास्टॅगमध्ये पुरेशी शिल्लक आधीच भरा, कारण टोलनाक्यावर रेंज असतेच असं नाही.

गाडीची तयारी

किनाऱ्यावर चालणाऱ्या गाडीचे आजार वेगळे असतात. खाऱ्या हवेने रेडिएटरच्या पातळ पाकळ्या कुजतात, बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढते, आणि म्हापसा-पणजी अशा छोट्या फेऱ्यांमुळे बॅटरी कधी पूर्ण चार्जच होत नाही. गोव्यात ३० अंशांत ती गाडी चालू करते. बिकानेरला पहाटे ५ अंशांत तीच बॅटरी नुसती टकटक करते. तीन वर्षं झालेल्या बॅटरीची लोड टेस्ट करून घ्या आणि शंका असेल तर इथेच बदला.

कूलंट तपासताना नुसती पातळी बघू नका. वर्षभर साधं पाणी ओतून ओतून ते पातळ झालेलं असतं. काढून टाकून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी असं नव्याने भरा. हिवाळ्यात कशाला, असं कुणी म्हणेल. वाळूत पहिल्या गिअरवर चढ्या आरपीएमला गाडी चालते, समोरून वारा नसतो, तेव्हा बाहेर २० अंश असले तरी इंजिन तापतं.

एअर फिल्टर निघताना नवा घाला आणि एक जादा बरोबर ठेवा. कच्छ-जैसलमेरात दर दोन-तीन दिवसांनी काढून हलकेच आपटून झाडा. पंपावरच्या हवेच्या पाइपने फुंकायचाच असेल तर आतल्या, स्वच्छ बाजूने बाहेर फुंका. बाहेरून आत मारलीत तर धूळ कागदात आणखी घट्ट बसते. ओला करू नका. केबिन फिल्टरचंही तसंच, आणि धुळीच्या रस्त्यावर एसी आतल्या हवेवर ठेवा.

टायरबद्दल थोडं सविस्तर. हवेचा दाब तापमानाबरोबर बदलतो, साधारण ५-६ अंशांमागे एक पीएसआय. गोव्यात ३० अंशांत ३२ भरलेला टायर बिकानेरच्या पहाटे २८च्या आसपास दिसतो आणि डॅशबोर्डवरचा दिवा पेटतो. पंक्चर नसतं ते. पण हवा मात्र भरून घ्या, आणि दिवस तापायच्या आधी, गाडी थंड असतानाच मोजा. स्टेपनी तपासायला लोक विसरतात; बारीक चाकाची स्टेपनी असेल तर तिच्यावर ताशी ८०च्या पुढे जायचं नसतं.

पंक्चरचं मुख्य कारण कच्छात खिळे नसून काटे. बन्नीच्या गवताळ प्रदेशात विलायती बाभूळ, तिकडे तिला गांडो बावळ म्हणतात, मैलोन्मैल पसरलीय. रस्त्याकडेला फांद्या तोडून टाकलेल्या असतात आणि गाडी सावलीला घेतली की काटा शिरतो. तो टायरमध्ये मोडून राहतो, हवा हळूहळू जाते, सकाळी कळतं. काटा दिसला तरी लगेच उपसू नका. दुरुस्तीचं सामान हाताशी नसेल तर तोच काटा बूच म्हणून काम करत असतो. ट्यूबलेसच्या पट्ट्यांचा संच, १२ व्होल्टचा पंप, आणि पंप चालवताना इंजिन चालू. स्वस्त पंप दहा मिनिटांत तापतात, मध्ये विश्रांती द्या.

याखेरीज टो-दोरी आणि शॅकल, एक छोटं फावडं, जॅकखाली ठेवायला फूटभर लाकडी फळी (वाळूत जॅक खाली जातो, गाडी वर येत नाही), जंपर केबल, फ्यूज, आणि काच पुसायला सुती फडकी. पहाटे काचेवर दव आणि धूळ मिळून चिखल झालेला असतो. त्यावर थेट वायपर फिरवलात तर काचेवर कायमचे ओरखडे येतात. आधी बाटलीभर पाणी ओता, मग वायपर.

रणातला चिखल आणि धोऱ्यातली वाळू

रणात आणि धोऱ्यात, म्हणजे वाळूच्या टेकडीवर, दोन्ही ठिकाणी गाडी रुतते, पण कारणं उलटी आहेत आणि उपायही उलटे.

वाळू कोरडी असते, तिचे कण एकमेकांना धरत नाहीत. चाक फिरलं की ते बाजूला सरकतात आणि चाक स्वतःचा खड्डा खणतं. उपाय म्हणजे हवा कमी करणं. ३२वरून १८-२०वर आणली की टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो, वजन पसरतं. धोऱ्याजवळ जायच्या आधीच हवा सोडा, रुतल्यावर नव्हे. एकसारखा वेग ठेवा, वाळूत गिअर बदलू नका, थांबायचं असेल तर उतारावर तोंड करून आणि ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्या. ब्रेकने चाकांपुढे वाळूचा ढीग तयार होतो. चाक फिरायला लागलं की त्याच क्षणी पाय काढा. आणखी दोनदा रेस केलीत तर गाडी पोटावर बसते आणि मग चाकांना काम उरत नाही. स्टिअरिंग सरळ करा, चारही चाकांभोवतीची वाळू हाताने काढा, हवा १५पर्यंत आणा, आलेल्या चाकोरीतूनच मागे घ्या. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण असेल तर बंद करा, नाहीतर नेमक्या वेळी इंजिनची ताकद कापली जाते. डांबरावर परत येताच हवा भरायलाच हवी. १५-१८ पीएसआयवर वेगाने गेलात तर टायरच्या बाजूच्या भिंती तापून फुटतात. चार टायर भरायला छोट्या पंपाला अर्धा तास लागतो, सूर्यास्त बघून निघताना तो वेळ धरा.

रणात वाळू नसते. तिथे अतिशय बारीक गाळ असतो, खारट. वरचा दोन-चार सेंटिमीटरचा थर सुकून तडकतो, पापुद्र्यासारखा होतो आणि माणूस त्यावरून आरामात चालतो. खाली काळा, चिकट, ओला चिखल तसाच. दीड टनाची गाडी त्यावर गेली की पापुद्रा फुटतो. हवा कमी करून इथे काही साधत नाही, कारण चिखल टायरच्या खाचांत भरून टायर गुळगुळीत होतो, आणि चाकाला चिखल धरून ठेवतो. फावड्याने खणलं तर खड्ड्यात खालून पाणी येतं. मग ट्रॅक्टरच लागतो आणि ट्रॅक्टर शोधायला मीठ पिकवणाऱ्या अगरियांच्या वस्तीपर्यंत पायपीट.

तेव्हा छोट्या रणात स्वतःची गाडी घालू नका. फोर-व्हील-ड्राइव्ह असली तरी नको. चारही चाकं एकाच वेळी फिरत बसतील, एवढाच फरक. मोबाइलच्या नकाशावर बजाणा, झैनाबाद, ध्रांगध्राकडून आत जाणाऱ्या वाटा दिसतात. त्या कोरड्या महिन्यांतल्या जीपच्या चाकोऱ्या असतात, दरवर्षी बदलतात. बजाणा किंवा झैनाबादला राहा, परवाना आणि स्थानिक जीप घ्या. चालकाला कुठला पट्टा या आठवड्यात वाळलाय ते रोजच्या ये-जा करण्यातून माहीत असतं. दोन फेऱ्या पुरतात: एक पहाटेची रानगाढवांसाठी, एक संध्याकाळची पाणथळीकडे, जिथे रोहित (फ्लेमिंगो) आणि क्रौंच असतात. रानगाढवं ‘बेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्यांच्या आसपास चरतात, कारण गवत तिथेच. जीपने त्यांचा पाठलाग करायला सांगू नका. पळणाऱ्या कळपाचा फोटो येतो, पण आटत चाललेल्या माळावर त्या जनावराची शक्ती फुकट जाते.

वेळावदर आणि कच्छ

वेळावदर १९७६ साली राष्ट्रीय उद्यान झालं. काळवीट इथे इतके आहेत की दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे बघणं सुटतं. खरी वेळ आहे सूर्यास्तापूर्वीचा तास. हॅरियर, म्हणजे आपल्या पुस्तकांतले भोवत्या, थंडीत शेकड्यांनी इथे गवतात रात्रीचा मुक्काम करतात. दिवसभर आसपासच्या शेतांवर टोळ आणि बाकी खाद्य शोधून ते संध्याकाळी चारी दिशांनी येतात आणि गवतावर घिरट्या घालत उतरतात. त्यामुळे एकच सफारी जमणार असेल तर संध्याकाळची घ्या. जीप उंच असावी. कारच्या खिडकीतून गवतापलीकडचं काही दिसत नाही. सकाळची फेरी लांडगा आणि तरसासाठी.

भुजहून धोर्डो ८० किलोमीटरच्या आसपास. वाटेत भिरंडियारा, तिथे परवाना मिळतो आणि खवाही. ओळखपत्राच्या छापील प्रती ठेवा. पांढऱ्या रणात गाडी पार्किंगपर्यंतच जाते आणि ते योग्यच आहे. सूर्यास्त बघून एकदम सगळ्या गाड्या सुटतात, त्याऐवजी पहाटे जा.

खावड्याहून धोलावीरेला जाणारा रस्ता रणातून बांधावरून जातो. रणावरचा सलग भाग ३० किलोमीटरच्या आसपास. जुन्या रापरमार्गे भुज-धोलावीरा २००च्या वर होतात, त्यामुळे बचत मोठी आहे. बांधावरून खाली गाडी उतरवायचा मोह आवरा, वर सांगितलेला चिखल तोच. टाकी भुजला भरा, पुढचा भरवशाचा टप्पा रापर. धोलावीरेला एक मुक्काम करा. २०२१ साली जागतिक वारसा यादीत आलेलं हे हडप्पाकालीन शहर बघताना त्याचे पाण्याचे हौद आधी बघा. दोन मौसमी ओढ्यांचं पाणी अडवून दगडी हौदांत साठवायची ती योजना आहे, आणि चार दिवस रणात फिरल्यावर ती का करावी लागली हे समजायला मार्गदर्शक लागत नाही.

कच्छ सोडायच्या आत, म्हणजे रापर किंवा राधनपूरला, गाडी खालून धुऊन घ्या. प्रेशर पाइपने चाकांच्या कमानी, ब्रेक कॅलिपर, सायलेन्सरचे जोड, दरवाजांच्या खालच्या कडा. कच्छच्या कोरड्या हवेत मीठ पत्र्यावर निमूट बसून राहतं. आपल्या हवेत तेच ओल धरतं आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दिसायला लागतो. रंगावरची धूळ राहिली तरी चालेल, पोट धुवा.

बाडमेर, जैसलमेर, बिकानेर

धोलावीरा ते बाडमेर हा सगळ्यात लांब दिवस. रापर, सांतलपूर, राधनपूर, थराद, सांचोर असे साडेचारशेच्या आसपास किलोमीटर. राजस्थानात पेट्रोल-डिझेल गुजरातपेक्षा बरंच महाग आहे, म्हणून थरादला टाकी काठोकाठ. रस्ता सरळ आणि मोकळा, आणि म्हणूनच धोकादायक. नीलगाय, गायी, उंट. उंटाचे पाय बॉनेटला लागतात आणि धड थेट काचेवर येतं. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हा नियम या पट्ट्यात मोडू नका. जैसलमेरला जानेवारीत सूर्य साडेसातला उगवतो आणि सहानंतर मावळतो. हातात साडेदहा तास असतात, चहा-जेवण-फोटो धरून त्यात ४५० किलोमीटरच बसतात.

बाडमेर-जैसलमेर रस्त्यावर, जैसलमेरच्या अलीकडे १७ किलोमीटरवर, आकल हे जीवाश्म झालेल्या लाकडांचं उद्यान आहे. जुरासिक काळातले दगड झालेले बुंधे उघड्यावर पडलेत. तासभर पुरतो.

डेझर्ट नॅशनल पार्क नावाने राष्ट्रीय उद्यान असलं तरी कायद्याच्या कागदावर ते अभयारण्य आहे, १९८० सालचं, आणि त्यात माणसांची गावं आहेत. बघायचा भाग म्हणजे सुदासरी, जैसलमेरहून ६० किलोमीटरच्या आसपास. परवानगी जैसलमेरच्या वनखात्याच्या कार्यालयातून आदल्या दिवशीच काढा. सगळे येतात माळढोकासाठी, तिकडे त्याला गोडावण म्हणतात. सोलापूरजवळच्या नान्नजला तो बघायला जाणारी पिढी आपल्याकडे होती. आता जंगलातल्या माळढोकांची संख्या दीडशेच्याही खाली आली आहे आणि त्यांतले बहुतेक जैसलमेरच्या आसपासच आहेत. जड शरीर आणि समोरचं कमी दिसणारे डोळे, त्यामुळे उडताना विजेच्या तारा त्याला चुकवता येत नाहीत. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात या तारांवरच निकाल झाला होता. रस्त्याने जाताना पवनचक्क्यांचं आणि तारांचं जाळं बघितलंत की प्रश्न लगेच कळतो.

सकाळी उजाडताच पोचा. दहानंतर, थंडीतसुद्धा, जमिनीवरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतून ४०० मीटरवरचा पक्षी विरघळल्यासारखा दिसतो. ८×४२ची दुर्बीण पुरते. दिसला तर गाडीतून उतरू नका. समच्या जीपवाल्यांना सुदासरी सांगितलं तर ते ‘त्यापेक्षा ड्यून बॅशिंग’, म्हणजे टेकड्यांवरून जीप पळवणं, असं सुचवतील, नको म्हणा. ड्रोन गोव्यातच ठेवा. सीमा जवळ आहे आणि अभयारण्यातही बंदी आहे.

फलोदीजवळ खीचनला सप्टेंबरपासून मार्चपर्यंत हजारो कांड्या करकोचे येतात, तिकडची कुरजां. गावकरी त्यांना पिढ्यानपिढ्या दाणे घालतात. २०२५ साली हे रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. पहाटेच्या दाण्याच्या वेळेसाठी फलोदीत मुक्काम करा. याच फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदलं गेलं, तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत हा बेत कुणी सुचवला तर एवढा आकडा सांगा.

बिकानेरचं जोडबीड म्हणजे मेलेली जनावरं टाकायची जागा. वास भयंकर, पण थंडीत गिधाडं आणि स्टेपी गरुड इतक्या जवळून दुसरीकडे दिसत नाहीत. कपडे गाडीत वेगळे बांधा. ताल छापरला एक संध्याकाळ आणि एक सकाळ पुरते: काळवीट, शिकारी पक्षी, आणि ऊन आल्यावर बिळाबाहेर बसणारे सांडे (काटेरी शेपटीचे सरडे). सांडे बघायला अकरापर्यंत थांबावं लागतं, थंडीत ते लवकर बाहेर येत नाहीत.

थंडी, पाणी, जेवण

उघड्या जीपमध्ये सहा अंशांत वारा लागला की गोव्यातलं ‘स्वेटर’ म्हणून जे असतं ते निरुपयोगी. आत थर्मल, वर लोकर, त्यावर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, हातमोजे. रंग मातकट. ओठ फुटणं आणि नाकातून रक्त येणं हा दमट हवेतल्या माणसाचा नेहमीचा त्रास. खोबरेल तेल नाकपुडीत बोटाने लावलं की थांबतो.

पिण्याचं पाणी माणशी ५ लिटर, म्हणजे चौघांना २०. एक मोठा जार न घेता ५ लिटरचे चार कॅन घ्या, एक फुटला तरी तीन उरतात. काच आणि रेडिएटरसाठी वेगळे ५ लिटर. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट असतं, पोट बिघडतं.

मासे विसरा. सुकी सुंगटं डब्यात घालून नेऊ नका. बंद गाडीत वास राहतो आणि कच्छात, बिश्नोईंच्या गावांत ज्यांच्या घरी उतराल त्यांना तो सहन होणार नाही. रोटला, लसणाची चटणी, वांग्याचं भरीत, पुढे केर-सांगरी, एवढं वाईट नाही चाललेलं. रोख पैसे ठेवा, धोलावीरा आणि सुदासरीकडे रेंज गेली की यूपीआयही गेलं. नकाशे आधीच ऑफलाइन उतरवा.

परतीचं आणि पैशाचं

ताल छापरहून अजमेर, उदयपूर, अहमदाबाद, वडोदरा, पुणे, गोवा. १,८०० किलोमीटरच्या आसपास, तीन-साडेतीन दिवस. यात बघायला थांबू नका, दमलेले असता.

इंधन: लिटरला १४ किलोमीटर धरले तर साधारण ३६० लिटर. लिटरला शंभर रुपये धरून ३६,००० रुपये. टोल वेगळा. जीप सफाऱ्या चौघांत वाटल्या तरी इंधनानंतरचा मोठा खर्च त्याच असतात, त्यात काटकसर करून फायदा नाही. हॉटेलात करा.

ज्यांना १८ दिवस मिळत नाहीत त्यांनी राजस्थान तोडून फक्त वेळावदर, छोटं रण, भुज-धोलावीरा करावं, गाडीने १० ते ११ दिवसांत होतं. आठच दिवस असतील तर गाडी घरी ठेवा, मडगावहून रेल्वेने गुजरात गाठा आणि अहमदाबादला गाडी भाड्याने घ्या. दोन्ही बाजूंचं दोन-दोन दिवस गाडी चालवणं वाचतं, घोडबंदर वाचतं, आणि पोट धुवायची कटकट गाडीमालकाची.